दार नाटकात गेलं

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सातचा प्रयोग. हजर: बाबा, विंगेत, डोक्याला मफलर गुंडाळून. मालाआत्या, रंगमंचावर, केसांना पांढरा रंग लावून. कन्हानचे वासूभाऊ, तिच्या समोरच्या खुर्चीत. मी, दाराच्या मागे. प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेपासून मागे आमच्या गल्लीतली जवळजवळ सगळी घरं, आणि पहिल्या रांगेत परीक्षक. रंगमंचाच्या उजव्या अंगाला, नव्या चौकटीत, आमच्या घराचं दार. राहिली आई. तिचं नाव हजरांत लिहायचं की गैरहजरांत, हे मला एवढ्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. बाकीची नावं पक्की आहेत.

आमचं घर धरमपेठेत, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. तीन खोल्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढची खोली बैठकीची, मधली झोपायची, शेवटची स्वयंपाकाची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि बाकीच्या वेळात नाटकाचे दिग्दर्शक. त्यांनी आपल्या मंडळाला एक भारदस्त नाव दिलं होतं, पण गल्लीत सगळे त्याला ‘भोयरांचं नाटक’च म्हणायचे. दसरा झाला की पुढची खोली आमची राहायची नाही. कचेऱ्या सुटल्या की माणसं यायची, चपलांचा ढीग पायरीवरून खाली सांडायचा, आणि स्पर्धेचा प्रयोग होईपर्यंत रोज तालीम चालायची. आईचं शिलाई मशीनही त्याच खोलीत, खिडकीखाली होतं. ती गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. लग्नसराईत काम जास्त, आणि नेमकी तेव्हाच तालीम. बाबा टाळी वाजवून म्हणायचे, “शांतता.” मशीन थांबायचं. प्रवेश संपला की मशीन पुन्हा सुरू. पुढे पुढे नटांना त्याची इतकी सवय झाली, की मशीन सुरू झालं म्हणजे प्रवेश संपला असं ते समजायचे.

तालमीला खायला बहुतेक वेळा पोहे असत, वरून हरभऱ्याची तर्री. तर्री इतकी लाल की प्रॉम्प्टिंग करणाऱ्या माणसाच्या वहीवर तिचे डाग पडलेले असायचे. रविवारी आई सांबारवडी करायची. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वड्या तळायला घेतल्या की पुढच्या खोलीतला करुण प्रवेश लवकर आटपायचा. प्रयोगाच्या रात्री सगळं मंडळ आमच्याकडेच जेवायला यायचं, गोळाभात, म्हणजे भातात डाळीचे गोळे, आणि कढी, आणि त्यासाठी आई प्रयोगाला न जाता घरी थांबायची. बाबांची कितीतरी नाटकं तिच्या खोलीत तयार झाली, तिच्या मशीनच्या आवाजात बसली, पण रंगमंचावर तिनं त्यांतलं एकही पाहिलेलं नव्हतं. याबद्दल तिची तक्रार होती असं मला आठवत नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “मले पूर्ण पाठ आहे. पाहून काय करू?”

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. हौशी मंडळाकडे नेपथ्यासाठी पैसा नसतो. भिंती फळ्यांच्या आणि कापडाच्या, त्या सुतार करून देतो, पण खोलीत जे काही ठेवायचं ते सभासदांच्या घरून यायचं. खुर्च्या एकाकडून, पलंग दुसऱ्याकडून, देवघर तिसऱ्याकडून. आमचं घर दिग्दर्शकाचं, त्यामुळे आमच्याकडून सगळ्यांत जास्त. दिवाळीनंतर घरात एखादी वस्तू सापडली नाही की आई म्हणायची, “नाटकात गेली.” पितळी तांब्या नाटकात जायचा, पाट नाटकात जायचे, एका वर्षी तर मधल्या खोलीतला दिवा नाटकात गेला आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवलो. वस्तू परत यायच्या, पण कधी रंगवलेल्या, कधी एक पाय कमी असलेल्या.

त्या वर्षी लेकीचं काम करणारी मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नाटक बाबांनीच लिहिलेलं होतं. घरातल्यांशी भांडून गेलेली मुलगी परत येते, एवढी त्याची गोष्ट. मुलगी पहिल्या अंकाच्या शेवटी दार उघडून आत येते. तिची आई, म्हणजे मालाआत्या, दाराकडे पाठ करून काही निवडत बसलेली असते. ती वळून पाहत नाही. दाराच्या आवाजावरूनच तिला कळतं, आणि ती म्हणते, “आलीस?” मग मुलीची पाच वाक्यं, आणि पडदा. दुसऱ्या अंकात मुलगी नाही, तिच्यावरून झालेली भांडणं आहेत. म्हणजे माझं सगळं काम त्या एका दाराशी होतं.

हा प्रवेश बाबांना कुठून सुचला, ते आमच्या घरी आलेल्या कोणालाही कळलं असतं. आमचं दार सागवानाचं, एका झडपेचं, बाबांच्या गावच्या घरातून बैलगाडीनं आणलेलं. वर्षानुवर्षं वापरून ते खाली बसलं होतं. उघडायचं तर कडी काढायची, मूठ धरून दार किंचित वर उचलायचं, आणि कमरेनं ढकलायचं. असं उचललं की वरची बिजागरी आधी एकदा हुंकार दिल्यासारखी वाजायची आणि मग लांबलचक कुरकुरायची. उचलायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, म्हणून आवाजही वेगळा. आई मागच्या खोलीत चुलीपाशी असायची. मी कॉलेजातून आले की तिथूनच तिचा आवाज यायचा, “आली का वं?” बाबा आले तर काही विचारायची नाही, चहाचं आधण ठेवायची. आत्या आली तर म्हणायची, “मालाताई, पाय धुऊन या.” ती कधी चुकल्याचं मला माहीत नाही.

तरी त्या बिजागरीला तेल घालावं असं तिचं रोजचं म्हणणं होतं. मशीनच्या तेलाची छोटी डबी, लांब नळीची, कायम तिच्या हाताशी असायची. गणपतीच्या सुमारास बाबांनी नाटक लिहायला घेतलं आणि तिला ताकीद दिली, दाराला तेल लावायचं नाही. “काहून?” आईनं विचारलं. “त्याचं काम आहे,” बाबा म्हणाले. तेव्हा आम्हाला वाटलं, आवाज ऐकत ऐकत लिहितात, म्हणून असेल.

पण तालमी सुरू झाल्या आणि खरा प्रश्न उभा राहिला. नेपथ्यातलं दार कापडाचं. ते उघडलं की दार कमी आणि भिंत जास्त हलायची. आवाज तर नाहीच. बाबांनी कोणाचा तरी टेपरेकॉर्डर आणला, आमच्या दाराचा आवाज टेपवर घेतला, आणि रविवारी सगळ्यांना बसवून ऐकवला. टेप संपली. वासूभाऊ हे कन्हानला खाणीच्या पंपावर कामाला होते आणि नाटकात वडिलांचं काम करायचे. ते म्हणाले, “साहेब, हे तं कोंबडी अंड्यावर बसून राहिली असं वाटून राहिलं.” बाबा सोडून सगळे हसले. बाबांनी टेपरेकॉर्डर बंद केला आणि दाराकडे पाहत बसले. आईनं मशीनवरून मान वर केली. “दाराकडे पाहू नका तुम्ही,” ती म्हणाली.

तिनं ओळखलं होतं. त्यानंतरचे चार-सहा दिवस घरात याच विषयावर बोलणं चाललं, जेवताना, अंथरुणं घालताना. बाबांचं म्हणणं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, सकाळी नेऊ, प्रयोग संपला की रात्रीच परत आणून बसवू. आई म्हणाली, “अन तेवढ्यात कुत्रं शिरलं घरात?” “सतरंजी टांगू.” “थंडी?” “एक संध्याकाळ.” आत्या मध्ये पडली, “वहिनी, द्या ना. तुमच्याच पोरीसाठी आहे.” आई म्हणाली, “न्या. पण या वर्षी मी येणार आहे पाहाले. गोळे दुपारीच करून ठेवीन. भात आल्यावर टाकू.”

ती असं म्हणाली तेव्हा मी ताट घासत होते आणि माझे हात थांबले, हे मला आजही आठवतं. पाच वाक्यं म्हणायची भीती मला होतीच. ती त्या क्षणी दुप्पट झाली. आईनं मात्र तयारी सुरू केली. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांची पोलकी शिवली, तिचं स्वतःचं कापड दोन वर्षांपासून मशीनच्या खणात पडलेलं होतं. ते तिनं बाहेर काढून शिवलं. बाबांनी दिलेला पास बॉबिनच्या डबीत जपून ठेवला. गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून आली, आणि त्यामुळे गल्लीही निघाली. एरवी आमच्या नाटकाला दहा माणसं जायची. त्या वर्षी पास कमी पडले.

आणखी एक गोष्ट तिनं केली. घराचं कुलूप शोधलं. आमच्याकडे कुलूप होतं, पण ते लावलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं, कारण आई घरातच असायची. ते खणाच्या तळाशी गंजलेलं सापडलं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं त्यात मशीनचं तेल सोडलं, किल्ली चार वेळा फिरवून पाहिली, आणि कुलूप खिडकीत ठेवलं. आम्ही सगळे तिथंच होतो. दार उद्या सकाळी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुलूप उद्या संध्याकाळी लावायचं हेही सगळ्यांना माहीत होतं. घरात एक दिग्दर्शक होता, शाळेत मास्तरीण असलेली आत्या होती, कॉलेजात जाणारी मी होते. या दोन गोष्टी कोणीही एकत्र केल्या नाहीत. आज मी सोसायटीच्या बैठकीत टाकीच्या सफाईची तारीख ठरवताना आधी त्या दिवशी कोणाकडे पाहुणे आहेत ते विचारते, तेव्हा लोक मला किचकट म्हणतात. म्हणोत.

शनिवारी सकाळी आई बाजारात गेली असताना सुतार, वासूभाऊ आणि बाबा यांनी दार उतरवलं. ठेल्यावर आडवं टाकलं, वर माझ्या पांघरुणाची घडी, आणि ठेला गल्लीतून निघाला. पोरं मागे धावली. आई सांबाराच्या जुड्या घेऊन परत आली तेव्हा दाराच्या जागी ऊन आत आलेलं होतं, थेट मधल्या खोलीपर्यंत. ती उंबऱ्यापाशी थांबली. इतका उजेड त्या खोलीत आम्ही कधी पाहिला नव्हता. कोपऱ्यातली जाळी दिसली, भिंतीचा उडालेला रंग दिसला. “गेलं का?” ती म्हणाली. “गेलं,” मी म्हटलं. तिनं पिशवी ठेवली आणि आधी जाळी काढली.

बाबा सकाळपासूनच नाट्यगृहात होते. तीन वाजता मी आणि आत्या निघालो, कारण रंगभूषेला वेळ लागायचा. आई साडेपाचला गल्लीतल्या बायकांबरोबर येणार होती. ती तयारही होती, हिरवं पातळ, नवं पोलकं. आम्ही पायरी उतरलो आणि मागून तिचा आवाज आला, “थांबा वं जरा, कुलूप लागते का पाहू द्या.” मी वळून पाहिलं. आई उंबऱ्यात उभी होती, हातात उघडं कुलूप, आणि ते ती हवेत धरून होती, जिथं कडी असायची बरोबर तिथं.

कोणी हसलं नाही. आत्या म्हणाली, “अगो बाई.” आईनं कुलपाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं. मी म्हटलं, “शेजारी कोणाला बसायला सांगू?” “कोणाले सांगतं? सगळ्यांले मीच तं पास वाटले.” घरात चोरून नेण्यासारखं आमचं काही नव्हतं. पण मशीनपाशी लोकांची कापडं होती, दोन लग्नघरांची, जरीची. ती उघड्यावर टाकून जाता येत नव्हतं. आत्या रडवेली झाली. “वहिनी, मी थांबू का?” “तुम्ही थांबल्यावर तिची आई कोण होईन तिथं?” आई म्हणाली. “जा. उशीर होऊन राहिला.” आम्ही गेलो. गल्लीच्या टोकावरून पाहिलं तर तिनं चौकटीत खुर्ची आणून ठेवली होती आणि हिरव्या पातळात, हातात कुलूप घेऊन बसली होती.

नाट्यगृहात पोचल्यावर मी बाबांना सांगितलं. ते विंगेत एका ट्रंकेवर बसले होते आणि तोंड उतरलेलं होतं. माझं ऐकून ते एवढंच म्हणाले, “अरे.” दार आता काढता येत नव्हतं. नेपथ्य उभं राहिलं होतं, दिवे लावून झाले होते. पण त्यांचं तोंड त्याआधीच उतरलेलं होतं, ते वेगळ्या कारणानं. वासूभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “दार बोलून नाही राहिलं.” सुतारानं चौकट नवी, काटकोनात केलेली. त्या चौकटीत दार सरळ बसलं होतं, खाली घासत नव्हतं, आणि एका बोटानं, लोण्यातून सुरी जावी तसं, मुकाट उघडत होतं. ज्या आवाजासाठी घर उघडं पडलं तो आवाज घरीच राहिला होता. बाबांनी उठून आम्हाला जमवलं आणि कोरड्या आवाजात सांगितलं, “दार उचलायचं नाही. उचलायची गरज नाही. माला, तू कडीच्या आवाजावर वाक्य घे.” आम्ही एकदा तसं करून पाहिलं. ठीक होतं. कडी खट्ट वाजली, आत्या म्हणाली, “आलीस?” एखाद्या शेजारणीला म्हणावं तसं.

प्रयोग सुरू झाला. मी दारामागे अंधारात उभी होते आणि पाच वाक्यं ओठांत म्हणत होते. खरं सांगायचं तर मी वाक्यांचा विचार करत नव्हते. आई त्या खुर्चीत अंधार पडल्यावरही बसली असेल, की सतरंजी टांगून आत गेली असेल, एवढंच डोक्यात होतं. आतून वासूभाऊंचं लांब भाषण संपलं, माझी वेळ झाली. मी कडी काढली. आणि घरी काढते तशी काढली म्हणून असेल, किंवा डोकं घरीच होतं म्हणून असेल, मी मूठ धरली, दार वर उचललं आणि कमरेनं ढकललं. नव्या चौकटीत बिजागरी पिळली गेली. आधी तो हुंकार, आणि मग लांबलचक कुरकुर, अख्ख्या नाट्यगृहात, आमच्या तीन खोल्यांत कधी वाजली नव्हती एवढी मोठी. तिसऱ्या रांगेतून गल्लीतलं कोणीतरी म्हणालं, “हे तं भोयरांचं दार आहे,” आणि दोघं-तिघं हसले. आत्याची माझ्याकडे पाठ होती. तिचे खांदे वर गेले. ती काही क्षण बोललीच नाही, आणि हसणं आपोआप थांबलं. मग ती म्हणाली, “आलीस?” तालमीत असं ती एकदाही म्हणाली नव्हती. माझी पाच वाक्यं झाली. पडदा पडला. बाबा विंगेत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण प्रवासाची धूळ म्हणून माझ्याही केसांना रंग लावलेला होता.

मध्यंतरात वासूभाऊ चहा आणायला बाहेर गेले आणि धावत परत आले. “साहेब, वहिनी बाहेर आहेत.” रंग लावलेल्या तोंडानं प्रेक्षकांत जायचं नाही असा बाबांचाच नियम होता. तो मोडून बाबा, आत्या आणि मी बाहेर गेलो. प्रेक्षागृहाच्या बंद दाराला लागून, बाकावर, आई बसली होती. मांडीवर चादरीचं मोठं गाठोडं, त्यातून जरीचा एक काठ बाहेर आलेला. शेजारी दारावरचा माणूस अवघडून उभा.

काय झालं ते नंतर दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं जवळजवळ सारखंच होतं. अंधार पडेपर्यंत आई खुर्चीत बसली. मग तिनं लोकांची सगळी कापडं चादरीत बांधली, आत दिवा लावला, रेडिओ सुरू केला, घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून, आणि घर उघडं टाकून रिक्षानं निघाली. पोचली तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. तिसऱ्या घंटेनंतर कोणालाही आत सोडायचं नाही हा स्पर्धेचा नियम. दारावरचा माणूस म्हणाला, “बाई, अब मध्यंतरातच.” आईनं पास दाखवला. तो म्हणाला, “पास सबके पास आहे.” आई म्हणाली, “माझं दार आत आहे.” त्याला वाटलं, नटाचं नाव असेल. “सगळ्यांचेच लोक आत आहेत, बाई.” “लोक नाही गा. दार. घराचं.” तो तिच्याकडे आणि गाठोड्याकडे पाहत राहिला, मग त्यानं बाकावर जागा करून दिली, पण दार उघडलं नाही. नियम होता, आणि त्यानं तो पाळला. त्याच्यावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

बाबांनी आधी विचारलं, “घर?”

“उघडं आहे. रेडिओ गाऊन राहिला आहे.”

मी विचारलं, “तुला काही दिसलं का?”

“बंद दारातून काय दिसते?” मग ती माझ्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “पण तू आली ते समजलं मले. दार वाजलं ना.” दारावरचा माणूस मध्येच बोलला, “बाई एकदम जोरसे बोलल्या, ‘आली का वं?’ मी मागे वळून पाहिलं, तं कोणीच नाही.” आई थोडी लाजली. मग बाबांकडे वळून तिनं विचारलं, “अन ते ‘आलीस’ काय असते? मी कधी म्हणलं ‘आलीस’?”

बाबांनी लिहिलेल्या प्रत्येक शब्दासाठी ते भांडत आलेले होते. परीक्षकांशी, नटांशी, प्रॉम्प्टिंग करणाऱ्याशी. या वेळी त्यांनी नुसता मफलर घट्ट केला.

“पुढच्या भागात आहे का हे?” आईनं मला विचारलं. मी म्हटलं, “नाही. माझं काम संपलं.” तिनं मान हलवली, गाठोडं काखेत घेतलं. “मग मी जातो. गोळे झाकलेले आहेत, पण मांजर येते. दार उद्या सकाळी पाह्यजे, दूधवाला येते.” वासूभाऊंनी तिच्यासाठी आणलेला चहा तिनं उभ्यानं प्यायला आणि ती रिक्षात बसून गेली. घरी सगळं जागच्या जागी होतं. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी काहीतरी चाललं होतं.

निकालात आम्हाला फार काही मिळालं नाही. आत्याला एक प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांपैकी एकानं नंतर बाबांना थांबवून विचारलं की दाराचा आवाज कुठल्या टेपवर घेतला होता. “टेप नाही,” बाबा म्हणाले, “घरचा आहे.” त्या वर्षानंतर मी कधी नाटकात काम केलं नाही. मला ते जमलं असतं असंही वाटत नाही. जे जमलं ते चुकून जमलं. पण दुसऱ्या वर्षापासून सामानाची यादी माझ्याकडे आली आणि ती मी मंडळ बंद होईपर्यंत सांभाळली. पहिला नियम मी मोठ्या अक्षरांत लिहिला होता: ज्या वस्तूशिवाय घर बंद करता येत नाही, ती वस्तू नाटकाला द्यायची नाही. बाबांनी तो वाचला आणि खाली सही केली. त्यानंतरच्या नाटकांना आई जाऊ शकली असती. दोनदा गेलीही. पण त्या नाटकांत मी नव्हते.

आता बाबा नाहीत. आई माझ्याकडे मनीषनगरला असते. सहावा मजला, लिफ्ट आहे, दाराला चिमणीच्या आवाजाची बेल आहे, आणि दार आपोआप, अजिबात आवाज न करता लागतं. आई पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, “इथं कोण आलं काही समजत नाही वं.” ती तिच्या खोलीत असते. मी कामावरून आले की आत जाऊन तिला सांगते, आले म्हणून. ते नाट्यगृहही आता दुरुस्तीसाठी बंद असतं, कधी उघडतं, पुन्हा बंद होतं. नवीन सभागृहात तिकीट फोनवर मिळतं.

धरमपेठेतलं घर मात्र आहे. शिकणारी तीन मुलं भाड्यानं राहतात. दार तेच, त्याच जुन्या चौकटीत. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाचा फोन आला, “मावशी, दार फार वाजतं. रात्री कोणी आलं की तिघंही उठतो. तेल घालून द्या ना.” मागणी रास्त आहे. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मी तं केव्हाची सांगून राहिली.” तेव्हा काम यादीत लिहिलं. आईच्या मशीनची डबी, लांब नळीची, तीच भरून घेतली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. त्यानंतर मी तीनदा त्या घरी जाऊन आले. पाण्याचा नळ बदलून घेतला, वीज मीटरचं काम केलं, छतावरची पानं काढून घेतली. तिन्ही वेळा कडी काढली, मूठ धरली, दार उचललं आणि कमरेनं ढकललं. डबी अजून डिकीतच आहे. दाराला तेल घालायचं राहिलं आहे.